बॅकअपच्या ड्राइव्हला कुलूप लावावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्यांचे, नात्यातल्यांचे आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांचे कॉम्प्युटर बघायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आपोआप आलेलं आहे. मोबदला चहा. त्यात एक प्रश्न हमखास निघतो: "सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलंय, आता तिला पासवर्ड घालू का?" एका शब्दात उत्तर देऊन मी दोनदा तोंडघशी पडलो आहे, म्हणून हे एवढं लांबण.

थोडक्यात सांगा ना. करू की नको?

बॅकअपची जी प्रत घराबाहेर जाते, बॅगेतून फिरते किंवा दुसऱ्याच्या घरी राहते, ती एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशी करून ठेवा. जी प्रत कपाटातून हलत नाही आणि जिच्यावर फक्त फोटो-व्हिडिओ आहेत, ती उघडी ठेवली तरी चालेल. बऱ्याच घरांत ती उघडीच ठेवावी असं माझं मत आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. पण पासवर्डचा कागद कुठे राहणार आणि तो तुमच्याशिवाय आणखी कोणाला माहीत असणार, हे ठरलं नसेल तर आज काहीच एन्क्रिप्ट करू नका. आधी किल्लीची खुंटी, मग कुलूप.

प्रत घराबाहेर पाठवायचीच कशाला?

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाणी पडलं. तळमजल्यावरच्या घरांत कॉम्प्युटर आणि त्याच्याच खालच्या खणात ठेवलेल्या बॅकअपच्या सीडी एकाच पाण्यात गेल्या. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला घराघरांत तसंच पाणी शिरलं. मूळ आणि प्रत एकाच खोलीत असतील तर पूर, आग आणि चोर दोन्ही घेऊन जातात. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम यासाठीच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

ही दुसरी जागा म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा भावाचं घर, सासर किंवा बँकेचा लॉकर. तुमच्या कपाटातल्या ड्राइव्हला निदान तुमच्या दाराचं कुलूप आहे. भावाकडच्या ड्राइव्हला तेही नाही. त्याच्याकडे शिकवणीला येणारी मुलं, भाडेकरू, दिवाळीत टीव्हीला पेन ड्राइव्ह शोधणारा भाचा, सगळ्यांचा हात तिथे पोहोचतो. म्हणून मी एन्क्रिप्शनचा विचार ड्राइव्हपासून सुरूच करत नाही, त्याच्या पत्त्यापासून करतो.

माझ्या ड्राइव्हवर असं आहे तरी काय? मी काय मंत्री आहे?

एकदा बसून यादी करा. आधार आणि पॅनचे स्कॅन. फॉर्म १६, पासबुकाचे फोटो, डीमॅटची विवरणपत्रं. मेडिक्लेमसाठी जमवलेली डिस्चार्ज कार्डं आणि रिपोर्ट. मुलांचे जन्मदाखले. पांढऱ्या कागदावर केलेल्या सहीचा फोटो, कुठल्याशा ऑनलाइन अर्जासाठी काढलेला. जुन्या फोनमधून जसंच्या तसं उतरवलेलं व्हॉट्सॲपचं फोल्डर. आणि हटकून सापडणारी "पासवर्ड्स" नावाची एक्सेल फाइल. एवढ्यावर तुमच्या नावाने सिमकार्ड घ्यायचा किंवा कर्ज काढायचा प्रयत्न कोणीही करू शकतो.

त्यातलं सगळं तुमचंही नसतं. बहिणीचे गर्भारपणातले रिपोर्ट, मित्राने भाडेकरारासाठी पाठवलेला आधार, हे तुमच्याकडे ठेव म्हणून आलेलं आहे. स्वतःबद्दल बेफिकीर राहायचा हक्क तुम्हाला आहे, त्यांच्याबद्दल नाही.

मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. साधी घरफोडी. त्यात लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क गेली. डिस्कवर सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक होते, एन्क्रिप्ट न केलेले. काही आठवड्यांनी ती डिस्क परत मिळाली आणि माहिती कोणी उघडली नसावी असा तपासाचा निष्कर्ष निघाला. तरीही दाव्यांच्या तडजोडीत त्या खात्याला २००९ साली २ कोटी डॉलर मोजावे लागले. चोराला आत काय आहे ते बहुधा माहीतही नव्हतं.

माझ्या लॅपटॉपला विंडोजचं एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर (किंवा मॅकचं फाइलव्हॉल्ट) चालू आहे. मग बॅकअपही सुरक्षितच ना?

नाही, आणि या गैरसमजामुळे जितके ड्राइव्ह उघडे पडलेत तितके दुसऱ्या कशामुळे नसतील. लॅपटॉपचं एन्क्रिप्शन त्याच्या आतल्या डिस्कपुरतं असतं. तुम्ही लॉगिन केलंत की फाइल उघडी होते, आणि कॉपी करताना ती उघडीच बाहेर जाते. ट्रंकेला कुलूप आहे म्हणून तिच्यातून काढून बाकावर ठेवलेली साडी काही कुलपात राहत नाही.

फोनचीही तीच गत. आजचे आयफोन आणि अँड्रॉइड फोन जन्मतःच एन्क्रिप्टेड असतात, पण त्यांतून कॉम्प्युटरवर उतरवलेले फोटो नसतात. आयफोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेत असाल तर तिथे एन्क्रिप्ट करायचा वेगळा पर्याय आहे. तो निवडल्याशिवाय साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याची माहिती बॅकअपमध्ये येतच नाही. व्हॉट्सॲपच्या क्लाउड बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची सोय २०२१ मध्ये आली, पण ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते.

फोल्डर लपवून ठेवलं, किंवा विंडोजला लॉगिन पासवर्ड ठेवला, तर पुरत नाही का?

लपवलेलं फोल्डर दाखवायला दोन क्लिक लागतात. लॉगिन पासवर्ड फक्त त्या कॉम्प्युटरच्या दारावरचा आहे. ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की त्याला कोणी विचारत नाही. झिप फाइलचा जुन्या पद्धतीचा पासवर्डही कच्चा असतो. झिपच करायची असेल तर सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरमध्ये एईएस-२५६ हा एन्क्रिप्शनचा पर्याय निवडून करा.

"पासवर्ड होता" आणि "एन्क्रिप्ट केलं होतं" यांतला फरक ब्रिटनच्या कर खात्याला ऑक्टोबर २००७ मध्ये कळला. बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांची, म्हणजे जवळपास अडीच कोटी लोकांची माहिती दोन सीडींवर भरून टपालाने पाठवली गेली. सीडींना पासवर्ड होता, एन्क्रिप्शन नव्हतं. त्या वाटेतच गहाळ झाल्या. खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

एन्क्रिप्शनमध्ये नेमकं होतं काय?

ड्राइव्ह एन्क्रिप्ट करताना सॉफ्टवेअर एक लांबलचक यादृच्छिक आकडा तयार करतं. खरी किल्ली ती. तिने सगळा मजकूर उलटापालटा करून लिहिला जातो, बहुतेक ठिकाणी एईएस या पद्धतीने. दोन बेल्जियन गणितींची ही पद्धत अमेरिकेने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. ही खरी किल्ली मग तुमच्या पासवर्डने बंद करून ड्राइव्हच्याच सुरुवातीच्या छोट्या भागात ठेवली जाते. त्याला हेडर म्हणतात.

यातून तीन गोष्टी निघतात. पासवर्ड बदलायला क्षणभर पुरतं, कारण सगळा ड्राइव्ह पुन्हा लिहावा लागत नाही, फक्त किल्लीची डबी बदलते. पासवर्ड कच्चा असेल तर एईएस कितीही भक्कम असून उपयोग नाही. आणि हेडर गेला की पासवर्ड तोंडपाठ असूनही आत जाता येत नाही.

पासवर्ड विसरलो तर?

तर गेलं. कंपनीला फोन करून, दुकानात नेऊन, ओळख दाखवून काही होत नाही. "फरगॉट पासवर्ड"चं बटण इथे नसतं. असतं तर ते चोरालाही दाबता आलं असतं.

स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरची गोष्ट २०२१ मध्ये जगभर छापून आली. ७,००२ बिटकॉइनची किल्ली त्याने आयर्नकी नावाच्या एन्क्रिप्टेड पेन ड्राइव्हवर ठेवली होती, आणि पासवर्डचा कागद हरवला. तो ड्राइव्ह दहा चुका झाल्या की कायमचा बंद होतो. त्याचे आठ प्रयत्न संपले होते.

माझी गोष्ट स्वस्तातली आहे. वडिलांच्या एकसष्टीचे फोटो आणि कागदपत्रं असलेली डिस्क मी मोठ्या उत्साहाने एन्क्रिप्ट केली, सहा शब्दांचा पासवर्ड एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर लिहिला, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ती डायरी रद्दीत गेली. सहातले चार शब्द आठवतात. फोटो नातेवाइकांच्या फोनमधून थोडेफार जमवले. डिस्क अजून माझ्या खणात आहे, चालू स्थितीत. माझ्या ओळखीत ड्राइव्ह चोरीला गेल्याच्या घटना दोन आणि पासवर्ड हरवल्याच्या सात. ही काही आकडेवारी नव्हे, पण तेव्हापासून मी कोणालाही एन्क्रिप्शन सुचवताना आधी कागद मागतो.

एक छुपा धोका याहून वाईट. बिटलॉकर आणि मॅकवर बॅकअप घेणारं टाइम मशीन, दोन्हींत "हा ड्राइव्ह या कॉम्प्युटरवर आपोआप उघड" अशी सोय आहे. ती लावली की पासवर्ड पुन्हा कधी टाकावाच लागत नाही आणि वर्षभरात तो डोक्यातून निघून जातो. मग एक दिवस कॉम्प्युटरच मरतो, बॅकअपची गरज पडते, आणि नेमका तेव्हा पासवर्ड विचारला जातो. आपोआप उघडण्याची सोय बॅकअपच्या ड्राइव्हला लावू नका.

मग पासवर्ड ठेवायचा कसा?

लांब, साध्या शब्दांचा, आणि तुम्ही न निवडलेला. माणसाने मनाने निवडलेले शब्द अंदाजात येतात: कुलदैवत, मुलाचं नाव, गाव, जन्मसाल. अभंगाची ओळ किंवा गाण्याचा मुखडाही नको, कारण प्रसिद्ध ओळींच्या याद्या पासवर्ड फोडणाऱ्यांकडे असतात. सापशिडीतला फासा घ्या. पाच वेळा टाकला की ७,७७६ पर्याय होतात, आणि तेवढ्या शब्दांच्या इंग्रजी याद्या यासाठीच तयार करून ठेवलेल्या आहेत. सहा शब्द असे काढले की एकूण शक्यतांची संख्या २४ आकडी होते. मराठी शब्द हवे असतील तर जाडजूड शब्दकोश घेऊन पान आणि ओळ फाशाने ठरवा. शब्द आवडला नाही म्हणून दुसरा घ्यायचा नाही, तिथेच सगळं फसतं.

मराठी शब्द रोमन अक्षरांतच टाका. देवनागरी कीबोर्ड प्रत्येक कॉम्प्युटरवर असेलच असं नाही. आणि स्पेलिंग कागदावर लिहा. "विहीर" तुम्ही एक आय घालून लिहिता की दोन ई घालून, हे आज लख्ख आठवतं, तीन वर्षांनी आठवणार नाही.

कागद ठेवायचा कुठे? पासवर्ड लिहून ठेवू नये म्हणतात ना?

ऑफिसच्या मॉनिटरला चिकटवू नये, हे खरं. घरातल्या बॅकअपसाठी कागद हीच सगळ्यात भरवशाची जागा. इंटरनेटवरून त्याला कोणी हात लावू शकत नाही. दोन प्रती करा. एक घरच्या महत्त्वाच्या कागदांत, म्हणजे जिथे खरेदीखत आणि विम्याच्या पॉलिसी असतात तिथे. दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासातल्या माणसाकडे बंद पाकिटात. पथ्य एकच: घराबाहेर ठेवलेला ड्राइव्ह आणि त्याचा कागद एकाच छपराखाली नकोत. ड्राइव्ह भावाकडे असेल तर पाकीट बहिणीकडे.

पासवर्ड मॅनेजरमध्येही, म्हणजे सगळे पासवर्ड साठवणाऱ्या ॲपमध्येही ठेवा, पण फक्त तिथेच नको. पासवर्ड मॅनेजरचा बॅकअप एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर आणि ड्राइव्हचा पासवर्ड मॅनेजरमध्ये, असं चक्र मी एका हुशार माणसाच्या घरी पाहिलं आहे. किल्ली तिजोरीत आणि तिजोरीला कुलूप.

कागदावर नुसता पासवर्ड लिहून भागत नाही. ड्राइव्ह कोणता (रंग, कंपनी, त्यावर चिकटवलेला क्रमांक), कोणत्या सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट केला, कोणत्या साली, आत काय आहे, आणि अडलं तर कोणाला विचारायचं, हेही लिहा. तो कागद तुम्ही वाचणार नसून तुमच्या पश्चात कोणी गोंधळलेलं, थकलेलं माणूस वाचणार आहे असं समजून लिहा.

कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर. ड्राइव्हवर राइट क्लिक करून चालू करता येतं. ४८ आकडी रिकव्हरी की मिळते, ती छापून त्याच पाकिटात ठेवा. विंडोज होममध्ये बाहेरच्या ड्राइव्हला बिटलॉकर नव्याने लावता येत नाही, पण दुसरीकडे लावलेला उघडता येतो. मॅकवर टाइम मशीनची डिस्क निवडतानाच एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो. लिनक्सवर लक्स (LUKS) ही एन्क्रिप्शनची सोय.

विंडोज होमवाल्यांसाठी, किंवा घरात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर, व्हेराक्रिप्ट. फुकट आहे, त्याचा सोर्स खुला आहे, आणि २०१४ मध्ये बंद पडलेल्या ट्रूक्रिप्टच्या पायावर उभं आहे. मात्र त्यात एक खड्डा आहे. व्हेराक्रिप्टने अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलात की विंडोजला तो रिकामा किंवा बिघडलेला वाटतो, आणि लावल्याबरोबर "वापरण्याआधी फॉरमॅट करा" अशी खिडकी उघडते. घरातलं कोणीतरी, मदत म्हणून, होकार देतं. त्यामुळे घरगुती वापरासाठी अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करू नका, त्यावर एक मोठी कंटेनर फाइल, म्हणजे बाकीच्या फाइली पोटात ठेवणारी एन्क्रिप्टेड पेटी, तयार करा. ड्राइव्ह नेहमीसारखा दिसतो, त्यात ती एक फाइल दिसते, आणि शेजारी "ही फाइल पुसू नये, पाकीट बघा" अशी साधी मजकुराची फाइल ठेवता येते.

एन्क्रिप्टेड ड्राइव्हचा एखादा भाग खराब झाला तर सगळंच जातं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. आजच्या पद्धतीत एखादं सेक्टर, म्हणजे ड्राइव्हचा एखादा छोटा कप्पा, खराब झालं तर तेवढ्याच भागातली फाइल बिघडते, बाकीचं शाबूत राहतं, अगदी साध्या ड्राइव्हसारखंच. अपवाद हेडरचा. म्हणून हेडरची प्रत वेगळी काढून ठेवायची. व्हेराक्रिप्ट एक प्रत ड्राइव्हच्या शेवटाकडे स्वतःच ठेवतं, लक्समध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे.

डेटा रिकव्हरीवाल्याचं काम मात्र एन्क्रिप्शनमुळे अवघड होतं. उघड्या ड्राइव्हवरून तो फोटोंचे तुकडे ओळखून गोळा करू शकतो. एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर त्याला सगळा भुसाच दिसतो. यावरचा उपाय दुसरा ड्राइव्ह. आजही दोन साधे ड्राइव्ह एका रिकव्हरीच्या बिलापेक्षा स्वस्त पडतात.

बोटाच्या ठशाने उघडणारे किंवा "हार्डवेअर एन्क्रिप्शन" लिहिलेले ड्राइव्ह घ्यावेत का?

मी घेत नाही. आत काय चाललंय ते दिसत नाही. नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये नामांकित कंपन्यांचे स्वतः एन्क्रिप्ट करणारे एसएसडी (तबकडीऐवजी चिपांवर साठवणारे ड्राइव्ह) तपासले, तेव्हा काहींमध्ये पासवर्ड आणि खरी किल्ली यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. पासवर्डशिवाय आत जाता येत होतं. बिटलॉकर तोवर अशा ड्राइव्हवर विसंबून राहत असे. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने तो नेम बदलला आणि एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरनेच होऊ लागलं.

ड्राइव्ह हळू चालेल का?

जाणवणार नाही. २०१० नंतरच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळी सोय आहे. यूएसबीची फिरती डिस्कच, म्हणजे आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क, मुळात इतकी संथ असते की प्रोसेसर तिची वाट बघत बसतो. टीव्हीला किंवा कारच्या स्टिरिओला लावून मात्र काही चालणार नाही, त्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा.

रॅन्समवेअरपासून वाचेन का?

अजिबात नाही. ड्राइव्ह उघडून कॉम्प्युटरला लावलेला असताना रॅन्समवेअर, म्हणजे फाइली बंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं तर ते तुमच्या एन्क्रिप्शनवर आपलं एन्क्रिप्शन चढवतं. तिथे उपाय एकच: बॅकअप झाला की केबल काढायची.

ड्राइव्ह आधीच भरलेला आहे. आता एन्क्रिप्ट केला तर?

बिटलॉकर भरलेला ड्राइव्हही एन्क्रिप्ट करतो, पण "फक्त वापरलेली जागा" हा पर्याय अशा ड्राइव्हला निवडू नका. पूर्वी पुसलेल्या फाइली रिकाम्या दिसणाऱ्या जागेत तशाच पडलेल्या असतात. १ टीबीच्या फिरत्या डिस्कला अख्खं एन्क्रिप्शन व्हायला बरेच तास लागतात. मध्ये वीज गेली तर काय, ही धास्ती असेल तर सरळ नवा ड्राइव्ह घ्या, तो रिकामा असताना एन्क्रिप्ट करा, माहिती त्यावर उतरवा, उघडून तपासा, आणि मगच जुना पुसा. एसएसडी आणि पेन ड्राइव्हच्या बाबतीत तर मी हाच मार्ग धरतो. त्यांच्या चिपा एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहीत नाहीत, त्यामुळे "वरून लिहून पुसलं" असं वाटलं तरी जुनी प्रत कुठल्यातरी कोपऱ्यात उरू शकते.

आई-बाबांच्या जुन्या फोटोंचा ड्राइव्हही एन्क्रिप्ट करू का?

इथे माझं मत बऱ्याच तज्ज्ञांच्या उलट आहे: नको. लग्नाचे, बारशाचे, गावच्या जत्रेचे फोटो चोराच्या हाती पडले तर त्यातून फारसं काही होत नाही. ते तुमच्या नातवंडांना उघडले नाहीत तर मात्र सगळंच गेलं. तीस वर्षांनी माळ्यावर सापडलेला ड्राइव्ह लावून बघणारं माणूस पासवर्डचं पाकीट कुठून आणणार? फोटोंचे दोन-तीन उघडे ड्राइव्ह वेगवेगळ्या नातेवाइकांकडे द्या. कागदपत्रं, रिपोर्ट, चॅट हे वेगळं काढून फक्त तेवढं एन्क्रिप्ट करा. ही वर्गवारी करायला एक रविवार जातो. लोक ती टाळतात, म्हणून एक तर सगळंच बंद करतात किंवा सगळंच उघडं ठेवतात.

उघडे न ठेवण्यासारखे खाजगी फोटो असतील तर ते अर्थातच कागदपत्रांच्या बाजूला.

मी डॉक्टर आहे, सीए आहे, क्लास चालवतो, सोसायटीचा सचिव आहे. मला काही वेगळं?

हो. तुम्हाला "करू का?" हा प्रश्नच उरत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही, पण पेशंट, अशील, विद्यार्थी, सभासद यांची माहिती घरगुती नव्हे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत या सुरक्षेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शनचं नाव आहे. नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे आणि छोट्या दवाखान्यावर तेवढा दंड कोणी लावणार नाही. पण पेन ड्राइव्ह रिक्षात राहिला हे दोनशे सभासदांना कळवायची वेळ आली, तर दंडाची वाट कशाला बघायची?

सोसायटीच्या सचिवांना वेगळी विनंती: भाडेकरूंचे आधार असलेला पेन ड्राइव्ह पदभार सोपवताना हातातून हातात फिरतो. तो एन्क्रिप्ट करा, आणि नवीन समितीला देताना पासवर्ड बदला.

भारतात हे कायदेशीर आहे का?

आहे. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार अधिकृत आदेशाने माहिती उघडून द्यायला सांगू शकतं, आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये एन्क्रिप्शन धोरणाचा एक मसुदा आला होता. त्यात नागरिकांनी एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी असं होतं. गदारोळ झाला आणि तो लगेच मागे घेतला गेला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी: तिथेही किल्ली देण्याचा कायदेशीर आदेश नाकारणं हा गुन्हा आहे.

ड्राइव्ह दुरुस्तीला किंवा भंगारात देताना?

एन्क्रिप्शनचा खरा आराम इथे कळतो. ड्राइव्ह वॉरंटीतच मेला तर बदलून मिळतो, पण मेलेला परत द्यावा लागतो, आणि मेलेला ड्राइव्ह पुसता येत नाही. तो एन्क्रिप्टेड असेल तर निश्चिंतपणे काउंटरवर ठेवा. उघडा असेल तर बहुतेक जण वॉरंटी सोडून देतात, मीही एकदा सोडली. हाँगकाँगमध्ये २००८ साली एका नटाचे खाजगी फोटो सगळीकडे पसरले, ते दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे बहुतेक कारागीर सचोटीने काम करतात. पण त्यांच्या सचोटीची परीक्षा घ्यायची गरज काय?

उघडा राहिलेला, फिरत्या तबकडीचा ड्राइव्ह भंगारात द्यायचा असेल तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. सगळा पुसा किंवा आतली तबकडी फोडा.

सगळं केलं. आता विसरून जाऊ?

वर्षातून एकदा उघडून बघा, तेही तुमच्या कॉम्प्युटरवर नको आणि तुमच्या हाताने नको. आमच्याकडे हे खंडेनवमीला होतं. हत्यारांबरोबर लॅपटॉपला हळद-कुंकू लागतं, तेव्हाच बॅकअपचा ड्राइव्ह बाहेर येतो. बायको पाकीट फोडते, कागदावर बघून पासवर्ड टाकते आणि आतली एखादी फाइल उघडून दाखवते. मी मागे हात बांधून उभा राहतो. बोलायची परवानगी नाही, कारण खऱ्या वेळी मी तिथे नसणार असं धरूनच हे चाललेलं असतं.

पहिल्या वर्षी ती तीनदा अडली. "यज्ञ" या शब्दात मी रोमनमध्ये लिहिलेला डी तिने सी आणि एल असा वाचला, कारण माझा डी तसाच दिसतो. चौथ्यांदा मला राहवलं नाही. तेव्हापासून कागदावर प्रत्येक शब्द दोनदा असतो: वर देवनागरीत, खाली एकेक अक्षर सुटं करून रोमनमध्ये, आणि तो कागद तिच्या अक्षरात आहे.